अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ व्हायचं तर: ‘मॅच’ म्हणजे नेमकं काय?

२०२५च्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं विद्यार्थी व्हिसा आणि प्रशिक्षणासाठी येणाऱ्या परदेशी डॉक्टरांना लागणारा जे-१ व्हिसा यांसाठी मुलाखतीच्या नव्या तारखा देणं थांबवलं. जेमतेम तीन आठवडे हे चाललं. पण रेसिडेन्सी, म्हणजे तिथलं डॉक्टरांचं पदव्युत्तर प्रशिक्षण, १ जुलैला सुरू होते, आणि ज्यांची जागा मार्चमध्येच ठरली होती असे परदेशी डॉक्टर बॅगा भरून ताटकळत बसले. त्यातून सावरतो न सावरतो तोच सप्टेंबरमध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली.

त्या दिवसांत मला लातूरहून, सांगलीहून, पुण्याहून पालकांचे फोन येत होते. मी महाराष्ट्रातल्या एका सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाले आणि आता अमेरिकेतल्या एका छोट्या गावात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते, एवढीच माझी ओळख त्यांना पुरेशी होती. एका वडिलांचा प्रश्न अजून आठवतो. “ताई, मुलीचा नंबर लागलाय म्हणते. पण हॉस्पिटल तिनं निवडलं नाही, हॉस्पिटलनं तिला पत्र दिलं नाही, कंप्युटरनं ठरवलं म्हणते. आणि आता नाहीही म्हणता येत नाही. ही कुठली पद्धत?”

प्रश्न अगदी रास्त आहे. पद्धत समजली नाही, तर दोन-तीन वर्षं आणि घरची पुंजी चुकीच्या ठिकाणी खर्ची पडते. म्हणून हा लेख.

## आधी दोन-चार शब्द

रेसिडेन्सी म्हणजे आपल्याकडचं एमडी किंवा एमएस. फरक एवढाच की ती विद्यापीठाची पदवी नसून हॉस्पिटलातली पगारी प्रशिक्षण-नोकरी असते. मानसोपचाराची रेसिडेन्सी चार वर्षांची. पहिल्या वर्षात किमान चार महिने मेडिसिन, फॅमिली मेडिसिन किंवा बालरोग अशा विभागांत काढावे लागतात, आणि न्यूरॉलॉजीचे दोन महिने असतात. म्हणजे स्टेथोस्कोप सुटत नाही. हे सांगावं लागतं, कारण ‘नुसतं बोलायचं तर असतं’ असा समज घेऊन आलेली मुलं पहिल्याच हिवाळ्यात रात्रपाळीत हृदयाचे झटके सांभाळताना गोंधळतात.

अमेरिकेबाहेरच्या मेडिकल कॉलेजातून शिकलेल्या डॉक्टरला तिकडे ‘आयएमजी’ म्हणतात. आयएमजीची कागदपत्रं आणि परीक्षा तपासून ‘हा डॉक्टर रेसिडेन्सीला पात्र आहे’ असा दाखला देणारी संस्था म्हणजे ‘ईसीएफएमजी’. १९५६ पासून ती हे काम करते आहे. आणि मॅच म्हणजे उमेदवार व हॉस्पिटलं यांची सांगड घालणारी देशव्यापी जुळणी. ती १९५२ पासून चालू आहे आणि वर्षातून एकदाच, मार्चमध्ये होते. रेसिडेन्सी चालवणाऱ्या हॉस्पिटलच्या विभागाला ‘प्रोग्रॅम’ म्हणतात. पुढे मीही तोच शब्द वापरते.

## दारापर्यंत पोचायचं कसं

तुमचं कॉलेज वैद्यकीय महाविद्यालयांच्या जागतिक यादीत हवं आणि ईसीएफएमजीला ते मान्य हवं. भारतातल्या मान्यताप्राप्त कॉलेजांना सहसा यात अडचण येत नाही. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक महासंघाची दहा वर्षांची मान्यताही मिळाली आहे.

मग परीक्षा. अमेरिकेत डॉक्टरकीच्या परवान्यासाठी असलेल्या यूएसएमएलई या परीक्षेची पहिली पायरी, स्टेप १, शरीरशास्त्र ते औषधशास्त्र अशा पायाभूत विषयांची. जानेवारी २०२२ पासून तिचा निकाल फक्त पास किंवा नापास असा लागतो, गुण कळत नाहीत. दुसरी पायरी, स्टेप २ सीके, रुग्ण समोर आल्यावर काय कराल याची. तिचे गुण अजून मिळतात आणि त्यामुळेच तिचं वजन आता फार वाढलं आहे. पूर्वी खोट्या रुग्णांना तपासून दाखवण्याची एक प्रत्यक्ष परीक्षा अमेरिकेत जाऊन द्यावी लागे. करोनाकाळात ती थांबली आणि २०२१ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागी आता ओईटी नावाची, डॉक्टरांसाठीची इंग्रजी परीक्षा आणि ‘पाथवे’ नावाचे पर्यायी मार्ग आहेत. मेडिकल कौन्सिलची कायम नोंदणी असलेल्या डॉक्टरला बहुतेक वेळा त्यातला एक लागू पडतो.

हे सगळं जमलं की ईसीएफएमजीचा दाखला मिळतो. हा दाखला म्हणजे रांगेत उभं राहण्याचा पास आहे. दर्शन अजून लांब आहे.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती बोलायला कुणी तयार नसतं. व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामच्या ग्रुपांवर परीक्षेतले ‘आठवलेले प्रश्न’ विकले जातात. जानेवारी २०२४ मध्ये यूएसएमएलईनं नेपाळशी संबंधित काही परीक्षार्थींचे निकाल रद्द केले. ज्यांचे निकाल गेले त्यांची वर्षं गेली, आणि काहीच गैर न केलेल्या मुलांकडेही संशयानं पाहिलं गेलं. असा ग्रुप दिसला तर बाहेर पडा. तिथं अभ्यासापुरतंच डोकावतो, असं म्हणून आत राहू नका.

## अर्ज: जिथं बहुतेकांची गाडी अडते

सप्टेंबरमध्ये एका सामायिक पोर्टलवर अर्ज भरायचा आणि हव्या त्या प्रोग्रॅमना पाठवायचा. २०२४-२५च्या हंगामात पहिल्या ३० प्रोग्रॅमसाठी प्रत्येकी ११ डॉलर आणि त्यापुढच्या प्रत्येकासाठी ३० डॉलर असा दर होता. शंभर ठिकाणी अर्ज केला तर २,४३० डॉलर, म्हणजे दोन लाख रुपयांच्या वर, नुसता अर्जांचा खर्च. परीक्षा, कागदपत्रं, तिकडे राहणं-जाणं वेगळंच.

अर्ज पोचला की चाळणी लागते. एकेका प्रोग्रॅमकडे जागा आठ-दहा आणि अर्ज शेकड्यांनी, कधी त्याहून जास्त. सगळे कोण वाचणार? मग संगणकावर गाळण्या लावल्या जातात: परीक्षेत एकदा नापास झालेला नको, पदवी मिळून पाच वर्षांहून जास्त काळ गेलेला नको, व्हिसा लागणारा नको. यात कुणाचा राग नसतो, पण फटका बसतो तो बसतोच. आंधळेपणानं दीडशे अर्ज करण्यापेक्षा प्रत्येक प्रोग्रॅमचं संकेतस्थळ उघडून ‘व्हिसा देता का, किती वर्षांपूर्वीची पदवी चालते, सध्याच्या रेसिडेंटांत आयएमजी किती’ हे तपासणं कंटाळवाणं आहे खरं, पण दोन लाख रुपये त्यानं वाचतात. अलीकडे ‘सिग्नल’ हीही सोय आली आहे. ‘तुमच्याकडे यायची मला विशेष इच्छा आहे’ असं मोजक्याच प्रोग्रॅमना अर्जातून कळवता येतं. हे सिग्नल ज्यांच्या गाळणीतून आपण मुळात पार होणारच नाही अशा नामांकित विद्यापीठांवर उधळणं, ही दरवर्षी दिसणारी चूक आहे.

गाळणीतून खाली उतरलेले अर्ज मात्र माणसं वाचतात. तिथं शिफारसपत्रं सर्वांत जास्त बोलतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञानं ‘मी या डॉक्टरला रुग्णाशी बोलताना पाहिलंय’ असं लिहिलेलं पत्र सोन्यासारखं. त्यासाठी तिकडे काही आठवडे काम पाहायला जावं लागतं. विद्यार्थी असताना गेलात तर इलेक्टिव्ह म्हणून प्रत्यक्ष रुग्ण तपासायला मिळू शकतात. पदवीनंतर सहसा ऑब्झर्वरशिपच मिळते: पाहायचं, विचारायचं, हात लावायचा नाही. म्हणून ज्याच्या मनात हा विचार आहे त्यानं अंतिम वर्षाच्या आधीच चौकशी सुरू करावी.

इथं मी ठेच खाल्ली आहे. एका एजन्सीला पैसे भरून मी ऑब्झर्वरशिप घेतली. पत्र मिळालं, छान वाटलं. पुढे कळलं की माझ्याबरोबरच्या तिघांच्या पत्रातही तेच परिच्छेद होते, नाव तेवढं बदललेलं. त्या वर्षी मला एकही मुलाखत आली नाही. दुसऱ्या वर्षी मी स्वतः ई-मेल लिहून एका सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टरांनी माझ्याबद्दल एक साधी गोष्ट लिहिली. एक चिडलेला रुग्ण उठून निघाला होता आणि मी त्याला पाणी आणून दिलं, एवढीच. मुलाखतीला गेले तिथं प्रत्येकानं मला त्याबद्दल विचारलं.

मुलाखती ऑक्टोबर ते जानेवारी. २०२० पासून त्या बहुतांशी ऑनलाइन होतात. न्यूयॉर्कची सकाळी आठची मुलाखत हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला येते आणि पश्चिम किनाऱ्याची रात्री साडेनऊला. घरात लग्न असो की दिवाळी, त्या महिन्यांत एक खोली आणि चांगलं इंटरनेट राखून ठेवावं.

## मॅच: अकरावीच्या फॉर्मसारखी, आणि एका जागी अगदी वेगळी

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ.

अकरावीचा ऑनलाइन प्रवेश महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मुलं कॉलेजांचा पसंतीक्रम भरतात, संगणक जागा वाटतो. मॅचमध्येही मुलाखती संपल्यावर उमेदवार आपली यादी भरतो: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. पण अकरावीत सगळ्या कॉलेजांची गुणवत्ता यादी एकाच परीक्षेच्या गुणांवर लागते. मॅचमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम आपली स्वतःची यादी करतो: हा उमेदवार आम्हाला पहिला हवा, तो दुसरा. स्टेप २मध्ये २७० गुणवाला एका ठिकाणी पंधरावा आणि २४० गुणवाला त्याच ठिकाणी तिसरा असू शकतो. बोलण्यात आलेलं शहाणपण, शिफारसपत्र, हा माणूस आमच्या गावात रमेल का, हे सगळं त्यात येतं.

दुसरा फरक त्याहून मोठा. अकरावीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे घरोघरी डावपेच चालतात: ‘पहिली पसंती वाया घालवू नकोस, मिळेल तेच वर टाक.’ मॅचमध्ये हा डावपेच करणारा स्वतःचंच नुकसान करून घेतो. उदाहरण घेऊ.

अनघा, रोहन आणि सलमा असे तीन उमेदवार. ‘क’ आणि ‘ख’ असे दोन प्रोग्रॅम, प्रत्येकी एकच जागा. अनघाची यादी: क, मग ख. रोहनचीही क, मग ख. सलमाची ख, मग क. प्रोग्रॅमांच्या यादीत ‘क’ला सलमा पहिली, रोहन दुसरा, अनघा तिसरी. ‘ख’ला अनघा पहिली, सलमा दुसरी, रोहन तिसरा.

संगणक अनघाला ‘क’मध्ये बसवतो, पण तात्पुरतं. मग रोहन ‘क’चं दार वाजवतो. ‘क’ला अनघापेक्षा रोहन जास्त हवा, म्हणून अनघा उठते आणि आपल्या दुसऱ्या पसंतीकडे, ‘ख’कडे जाते. तिथं जागा मोकळी आहे, ती बसते. आता सलमा ‘ख’चं दार वाजवते. ‘ख’ला अनघा जास्त प्रिय, सलमाला नकार. सलमा ‘क’कडे जाते. ‘क’ची ती पहिली पसंती, म्हणून रोहन उठतो. रोहन ‘ख’कडे जातो, तिथं अनघा हलत नाही. रोहनची यादी संपली. शेवट: सलमा ‘क’मध्ये, अनघा ‘ख’मध्ये, रोहन घरी.

अनघाकडे नीट पाहा. तिनं ‘क’ पहिला लिहिला, तो मिळाला नाही, आणि तरी ‘ख’मधली तिची जागा गेली नाही. ‘ख’ला कळलंच नाही की आपण तिची दुसरी पसंती होतो. कुठलीही जागा सगळी दारं वाजवून होईपर्यंत पक्की होत नाही, म्हणून आधी मोठं स्वप्न लिहिण्याची शिक्षा कुणाला होत नाही. जिथं मनापासून जायचंय ते वर लिहायचं, बस. या युक्तीचं मूळ गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलं. ॲल्विन रॉथ यांनी नव्वदच्या दशकात मॅच नव्यानं बांधली, ती उमेदवारांच्या बाजूनं झुकणारी. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला हे गणित समजलं त्या रात्री मी माझी यादी पुसून पुन्हा लिहिली होती.

रोहनचं काय चुकलं? यादी छोटी होती. मुलाखत दिलेला प्रत्येक प्रोग्रॅम, जिथं चार वर्षं काढायची तयारी आहे तो, यादीत असावा. जिथं जायचंच नाही तो मात्र लिहू नये. यादी दाखल करणं म्हणजे करार करणं. लागलेली जागा परस्पर नाकारली तर पुढच्या मॅचला बंदी येऊ शकते. फोनवरच्या त्या वडिलांना मी हेच सांगितलं: मुलीनं निवडलं होतं, फेब्रुवारीतच.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी कळतं की जुळणी झाली की नाही. कुठं झाली ते शुक्रवारी. मधल्या दिवसांत न जुळलेल्यांसाठी उरलेल्या जागांच्या फेऱ्या होतात. पण मानसोपचाराच्या ९९ टक्क्यांहून जास्त जागा आधीच भरलेल्या असतात. तेव्हा ‘शेवटी त्या फेऱ्यांत बघू’ हा बेत या विषयापुरता धरू नये.

## ‘मानसोपचार तर सहज मिळतो म्हणे’

पूर्वी मिळत असे. वीस वर्षांपूर्वी अमेरिकी मुलं या विषयाकडे फारशी वळत नव्हती आणि रिकाम्या जागांवर भारत-पाकिस्तानातले डॉक्टर जात. आपल्याकडच्या काकांनी ऐकलेली गोष्ट त्या काळातली. आता तिथल्या विद्यार्थ्यांनाच हा विषय मनापासून हवा आहे. २०१४ मध्ये मॅचमध्ये मानसोपचाराच्या साधारण १,३०० जागा होत्या, २०२४ मध्ये २,२००च्या वर. जागा एवढ्या वाढल्या, पण वाढलेल्या जागांवर प्रामुख्यानं अमेरिकी पदवीधरच बसले. सगळे विषय मिळून पाहिलं तर २०२४ मध्ये अमेरिकी नागरिक नसलेल्या आयएमजींपैकी ५८.५ टक्क्यांची जुळणी झाली. अमेरिकेच्या एमडी विद्यार्थ्यांची (तिकडे एमडी म्हणजे आपल्या एमबीबीएससारखी पहिली पदवी) सुमारे ९३ टक्के.

त्यामुळे ‘मेडिसिन नाही मिळालं तर मानसोपचार’ अशा विचारानं केलेला अर्ज वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदातच कळतो. हे लोक दिवसभर माणसाच्या बोलण्यातलं न बोललेलं ऐकण्याचंच काम करतात. त्यांना दिसावं लागतं की तुम्ही या वाटेवर आधीपासून आहात. आपल्या एमबीबीएसमध्ये मानसोपचाराला जेमतेम काही आठवडे मिळतात, स्वतंत्र पेपरही नाही. म्हणून इंटर्नशिपनंतर मनोरुग्णालयात कनिष्ठ डॉक्टर म्हणून काढलेलं एक वर्ष, व्यसनमुक्ती केंद्रातलं काम, एखादा छोटा पण खरा अभ्यास, यांना किंमत आहे. स्वतःच्या किंवा घरातल्या आजाराबद्दल लिहावं का, असं मुलं विचारतात. लिहिण्यात लाज काहीच नाही. पण अर्ज वाचणाऱ्याला त्यातून तुमची समज दिसायला हवी. जखम अजून ओली असेल तर थांबावं.

भाषेचं एक वेगळंच आहे. मानसिक स्थितीच्या तपासणीत रुग्णाला म्हणीचा अर्थ विचारतात, अमूर्त विचार करता येतो का ते पाहायला. आपण ‘नाचता येईना अंगण वाकडं’ विचारतो. तिकडे काचेच्या घरात राहणाऱ्यानं दगड मारू नयेत, असं काहीतरी. ओईटीत उत्तम ग्रेड मिळवलेल्या डॉक्टरलाही रुग्णाच्या उत्तरातली विसंगती तेव्हाच कळते, जेव्हा ती म्हण त्याच्या कानाला सवयीची असते. माझे पहिले सहा महिने यात गेले. रेडिओ ऐकला, दुकानात उगीच गप्पा मारल्या, न समजलेलं वहीत लिहिलं. मुलाखतीत उच्चारांवरून कुणी नाकारत नाही. प्रश्न पुरता ऐकून न घेता पाठ केलेलं उत्तर म्हणणाऱ्याला मात्र नाकारतात.

## ‘त्यांना डॉक्टर हवेत, मग अडवतात का?’

हा सर्वांत चांगला प्रश्न आहे. अमेरिकेत मानसिक आरोग्यसेवकांची अधिकृत टंचाई असलेल्या भागांत बारा कोटींहून जास्त लोक राहतात. मी जिथं काम करते तिथं नव्या रुग्णाला महिनोन्‌महिने थांबावं लागतं. मग जागा का वाढवत नाहीत?

कारण रेसिडेंटच्या प्रशिक्षणाचा मोठा खर्च तिथलं सरकार मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेतून उचलतं, आणि १९९७च्या एका कायद्यानं प्रत्येक हॉस्पिटलसाठी सरकारी पैशाच्या जागा गोठवल्या. एसटीला प्रवासी खच्चून असले तरी आगारात गाड्या ठरलेल्याच, तसं. काही हॉस्पिटलं स्वतःच्या किंवा राज्याच्या पैशानं जागा काढतात, मानसोपचारातली वाढ बरीचशी अशीच झाली. केंद्रानं २०२३च्या अर्थसंकल्पी कायद्यात २०० नव्या जागा दिल्या आणि त्यातल्या निदान १०० मानसोपचारासाठी राखल्या. एवढ्या मोठ्या देशाला हे थेंबभर पाणी आहे. टंचाई आहे ती तयार तज्ज्ञांची. तज्ज्ञ तयार करणाऱ्या जागांसाठी उलट झुंबड आहे.

## ‘इथं एमडी झालंय, पुन्हा चार वर्षं?’

बहुतेक राज्यांत, हो. भारतातल्या एमडी सायकियाट्रीमुळे अर्ज वजनदार होतो, वर्षं मात्र कमी होत नाहीत. टेनेसीनं २०२३ मध्ये कायदा करून अनुभवी परदेशी डॉक्टरांना अमेरिकी रेसिडेन्सीशिवाय तात्पुरता परवाना देण्याची वाट उघडली आणि इतर काही राज्यं त्याच दिशेनं गेली. पण परवाना मिळणं आणि विशेषज्ञ मंडळाचं प्रमाणपत्र मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हॉस्पिटलं आणि विमा कंपन्या दुसरी गोष्ट मागतात. एवढ्या भरवशावर पुण्यातली चालती प्रॅक्टिस बंद करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंग्लंडची वाट वेगळी आहे. तिथं तीन वर्षांचं कोअर प्रशिक्षण, मग आणखी तीन वर्षांचं वरचं, मध्ये रॉयल कॉलेजची परीक्षा. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दिनेश भुग्रा त्याच रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सचे २००८ ते २०११ या काळात अध्यक्ष होते, पुढे जागतिक मानसोपचार संघटनेचेही. पण तिथल्या सरकारनंही २०२५ मध्ये स्वतःच्या पदवीधरांना अग्रक्रम देण्याचं धोरण जाहीर केलं आहे, तेव्हा जुन्या अनुभवांवर विसंबू नये.

## व्हिसाचा हिशेब यादी भरण्याआधी

रेसिडेन्सीला दोन व्हिसा चालतात. जे-१ जास्त प्रचलित. त्यासाठी दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाकडून ‘गरजेचं पत्र’ लागतं, ते वेळेत मागवावं. जे-१ची अट अशी की प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायचं. ती माफ करून घेण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे ‘कॉनराड ३०’: प्रत्येक राज्य दरवर्षी ३० डॉक्टरांची अट माफ करवू शकतं, बदल्यात टंचाईच्या भागात तीन वर्षं काम. मी त्याच मार्गानं या गावात आले आणि तीन वर्षं संपल्यावरही राहिले.

एच-१बीला दोन वर्षं परतण्याची अट नाही, पण त्यासाठी स्टेप ३ ही तिसरी परीक्षा आधीच पास हवी आणि प्रोग्रॅमची खर्च करायची तयारी हवी. सप्टेंबर २०२५च्या एक लाख डॉलरच्या घोषणेचा भार देशाबाहेरून नव्यानं येणाऱ्यांच्या अर्जांवर पडतो. एका रेसिडेंटचा वर्षाचा पगार साठ-सत्तर हजार डॉलरच्या घरात असताना त्याच्यासाठी लाखभर डॉलर भरणारं छोटं हॉस्पिटल विरळाच. या शुल्काविरुद्ध खटले दाखल झाले आहेत. म्हणून मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्ही काही विचारणार का’ असं म्हणतात, तेव्हा यंदा कुठला व्हिसा देणार, हे संकोच न करता विचारावं. आपल्या मुलांना पैशाचं आणि कागदाचं विचारायला लाजल्यासारखं होतं. इथं ते कुणी गैर मानत नाही.

## ‘मग इथंच का नाही?’

हे मला माझ्या आईनं विचारलं होतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं महाराष्ट्रात आहेत, बांबोळीला गोव्याची संस्था आहे, बंगळुरूला निम्हान्स. नीट-पीजी देऊन तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी, दोन वर्षांचा डिप्लोमा, हे सगळं इथं होतं आणि उत्तम होतं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं की आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. ‘जीव घाबराघुबरा होतो’, ‘डोक्यात किडे वळवळतात’, ‘भूक मेली’ असं सांगणाऱ्या बाईचं ऐकायला तिची भाषा कळणारा डॉक्टर लागतो. मला ते ऐकायला मिळत नाही, आणि त्याची रुखरुख वाटते. आईला मी तेव्हा जे उत्तर दिलं ते आज पुरेसं वाटत नाही.

म्हणून फोन करणाऱ्या मुलांना मी स्टेप १च्या पुस्तकांची नावं लगेच सांगत नाही. आधी जवळच्या सरकारी मानसोपचार ओपीडीत परवानगी काढून दोन आठवडे बसायला सांगते, सकाळी नऊपासून शेवटचा रुग्ण जाईपर्यंत. रोज संध्याकाळी एका रुग्णाबद्दल पानभर लिहून ठेवायचं, नाव न लिहिता. पंधराव्या दिवशी मला पुन्हा फोन करायचा. काही जणांचा येतो आणि मग आम्ही पुस्तकांचं बोलतो. काही जणांचा येत नाही. एकीचा आला तो नीट-पीजीचा फॉर्म कसा भरायचा हे विचारायला. ती आता रत्नागिरीला आहे.